अर्धा तास जरा जास्तच होतो

ताई, लेख आवडला. पोरं कधी मोठी होऊन घराबाहेर पडतात कळतसुद्धा नाही, म्हणून रोजची कौटुंबिक प्रार्थना चुकवू नका, हे तुमचं म्हणणं पटलं. पण 'किमान अर्धा तास' ही अट काही झेपायची नाही. आमच्या बेळगावजवळच्या खानापूरकडच्या घरात सासूबाई बायबलमधलं एक स्तोत्र वाचायच्या, मग एखादं गीत, येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना, की लगेच जेवायला ताटं. धाकटा तेवढ्यातही पेंगायचा. शाळा कन्नड, घर आणि उपासना मराठी. त्याला मराठी वाचता आलं ते पवित्र शास्त्रामुळेच, म्हणजे बायबलमुळेच, आणि ते श्रेय सासूबाईंचं. आता तो बेंगळुरूला, नातवंडं प्रार्थना करतात इंग्रजीतून. सासूबाईंनी कपाळाला हात लावला असता, प्रभूने मात्र लावला नसावा!

आणि तुम्ही दाखला दिलात स्तोत्र 90 चा. माणसाचं आयुष्य 70 वर्षं, फार तर 80, हे त्यात आहेच. पण शेवटच्या ओवीत हातचं काम सिद्धीस ने अशी विनवणी आहे, ती लेखात सुटली. पहाटे उठून भाकऱ्या थापणाऱ्या, डबे भरणाऱ्या बाईला तोच भाग जवळचा. त्यावर लिहा ना एकदा.