बंद व्हायची गोळी

मेडिकलच्या काउंटरवर "जुलाब बंद व्हायची गोळी द्या" म्हणणारा माणूस तुम्ही पाहिलाच असेल. गेल्या पावसाळ्यात तो माणूस मी होतो. रात्रीच्या एसटीनं लग्नाला जायचं होतं आणि सकाळपासून सहा खेपा झाल्या होत्या. दुकानातल्या पोरानं स्ट्रिपमधून चार गोळ्या कात्रीनं कापून हातावर ठेवल्या. नाव आणि मुदत छापलेला भाग त्याच्याकडेच राहिला. "आधी दोन घ्या, मग लागेल तशी एकेक." मी दोन घेतल्या आणि गाडीत चढताना उरलेल्या दोनही, म्हटलं रात्रीचा प्रवास आहे, धोका नको.

प्रवास झकास झाला, हे कबूल करतो. दुसऱ्या दिवशी मांडवात मात्र पोट ढोलकीसारखं टम्म, अंगात ताप, आणि संध्याकाळी रक्ताची आव. तिथल्या डॉक्टरांनी नाडी धरायच्या आधी विचारलं, "बंद व्हायची गोळी घेतलीत ना?" मग म्हणाले, "निघायच्या आधी कणकण होती का?" होती. मला वाटलं दगदगीनं असेल. दुकानात तर कुणी विचारलंही नव्हतं. "चोर घरात असताना बाहेरून कडी घातलीत," एवढंच बोलून ते चिठ्ठी लिहायला लागले.

ती कडी डोक्यात राहिली, म्हणून घरी आल्यावर या गोळीच्या मागे लागलो. औषधाचं नाव लोपेरामाइड. घराणं अफूचं. अफूनं जुलाब आवळतात हे जुनंच ज्ञान आहे. ही गोळी नेहमीच्या मात्रेत मेंदूपर्यंत पोहोचत नाही, आतड्याच्या भिंतीतल्या मज्जातंतूंवर काम करते आणि आतड्याची हालचाल मंद करते. बस. जंतू मारणं तिचं काम नाही आणि गेलेलं पाणी भरून देणंही नाही. शिळी पाणीपुरी सोसली नाही, दोन-चार पातळ झाल्या, ताप नाही, रक्त नाही आणि गाडी गाठायची आहे, अशा वेळी धडधाकट मोठ्या माणसानं ती घ्यायला माझी काही हरकत नाही. आधी दोन मिलिग्रॅमच्या दोन, मग प्रत्येक पातळ शौचानंतर एक, आणि डॉक्टरांना न विचारता दिवसात चारच्या वर नाही. दोन दिवसांत फरक पडला नाही तर गोळी ठेवायची आणि दवाखाना गाठायचा. पण रक्त किंवा जोराचा ताप असेल तर पहिलीसुद्धा नको. आतडं बाहेर टाकू पाहतंय तेच आपण आत कोंडतो. मी नेमकं तेच केलं होतं. भरमसाट गोळ्या घेतल्या तर हृदयाचे ठोके बिघडतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकानं २०१६ मध्येच दिलाय.

माझं जाऊ द्या, मी घोडा आहे. खरी भीती पुढच्या प्रसंगाची वाटते. बहिणीच्या दीड वर्षाच्या मुलाला ढाळ लागले होते. शेजारच्या काकू अगदी मायेनं म्हणाल्या, "अगं, अर्धी गोळी चुरून मधातून चाटव, आमच्या धाकट्याला द्यायचो." बहीण वाटी-चमचा घेऊन उठलीसुद्धा होती. दोन वर्षांखालच्या मुलाला हे औषध द्यायचंच नसतं आणि बारा वर्षांपर्यंत डॉक्टरांशिवाय नाही. पाकिस्तानात हेच औषध थेंबांच्या बाटलीत मिळायचं. ते दिलेल्या तान्ह्या मुलांची आतडी लुळी पडली, काही दगावली, आणि १९९० मध्ये कंपनीला ते थेंब बाजारातून काढावे लागले. काकूंना मी पाकिस्तान वगैरे सांगितलं नाही. वाटी हातातून घेतली आणि ओआरएस, म्हणजे क्षार-साखरेची पावडर, पाण्यात कालवायला बसलो. (आईनं तोवर सहाणेवर जायफळ उगाळायला घेतलं होतं. त्या आघाडीवर मी लढत नाही.)

माझं म्हणणं एवढंच आहे, की आपण खेपा मोजतो, पाणी मोजत नाही. जुलाबात माणूस जातो तो अंगातलं पाणी आणि क्षार गेल्यानं. खेपा थांबल्या की घरातले सुस्कारा टाकतात, पण पोराचे डोळे खोल गेलेत, रडताना पाणी येत नाही, दुपारपासून लघवी नाही, हे कुणी बघत नाही.

आणि गेलेलं पाणी तोंडानंच भरून काढता येतं, हे ज्यानं जगाला दाखवलं तो माणूस आपल्याच देशातला. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाइनच्या बाटल्या पुरेनात. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ड्रम भरले आणि नातेवाइकांनाच पाजायला लावलं. तीसेक टक्के माणसं मरत होती, ते प्रमाण चारच्या खाली आलं. ग्लुकोज आतड्यातून आत जाताना सोबत मीठ ओढतं आणि मिठामागून पाणी जातं. जुलाब चालू असतानाही हे दार उघडंच असतं. २०२२ मध्ये ते गेले, पद्मविभूषण मरणोत्तर मिळालं.

ओआरएसचं पाकीट म्हणजे त्याच जातीचं मिश्रण. आता ते आपण कसं वापरतो बघा. मोठं पाकीट एक लिटर पाण्याचं असतं, आम्ही ते पेलाभर पाण्यात चिमटी-चिमटीनं टाकतो. मूल पीत नाही म्हणून वर चमचाभर साखर. फार गोड पाणी आतड्यात उलट आणखी पाणी खेचतं, म्हणजे जुलाब वाढतात. सगळं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एकदमच टाकायचं, चमच्या-चमच्यानं पाजत राहायचं आणि चोवीस तासांनी उरलेलं फेकायचं. मुलांना सोबत डॉक्टर झिंक देतात, ते जुलाब थांबले तरी चौदा दिवस पुरं करायचं. अंगावरचं दूध, पेज, मऊ भात चालू ठेवायचा. "पोटाला आराम" म्हणून उपाशी ठेवणं तर मला कळतच नाही.

परवा त्याच काउंटरवर ओआरएस मागितलं, तर पोरानं संत्र्याच्या चवीचा डबा पुढे केला. नावात ओआरएस लिहिलेली असली गोड पेयं विकायला २०२५ च्या ऑक्टोबरात अन्न सुरक्षा प्राधिकरणानं मनाई केली आहे, हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ बाई त्यासाठी कित्येक वर्षं झगडत होत्या. मी म्हटलं, "हे नको, पावडरचं पाकीट दे." तो मागच्या फळीवर शोधायला गेला. धूळ झटकून आणलं आणि म्हणाला, "हे कुणी मागतच नाही हो, काका. सोबत बंद व्हायची गोळी देऊ?"