एनफोर झालं, आता पुढचं पुस्तक कुठलं?

जेएलपीटीचा, म्हणजे जपानी भाषेच्या परीक्षेचा, निकाल लागला की मला एक ठरलेला मेसेज येतो. (तिच्या पातळ्या एनफाइव्हपासून एनवनपर्यंत चढत जातात, आणि सेन्सेइ म्हणजे शिक्षक.) "सेन्सेइ, एनफोर झालं! आता कुठलं पुस्तक घेऊ?" खाली दोन-तीन पुस्तकांच्या मुखपृष्ठांचे फोटो असतात आणि ती बहुतेक वेळा एनथ्रीच्या तयारीचीच असतात. परवा सांगलीहून पुण्यात आलेल्या एका मुलीने हेच विचारलं. तिला फोनवर जे सांगितलं, ते जरा सविस्तर इथे लिहून ठेवतेय. हा प्रश्न पडलेली बरीच मंडळी माझ्या यादीत आहेत.

माझं म्हणणं असं की परीक्षेच्या तयारीचं पुस्तक हे पाठ्यपुस्तक नव्हे. एनफोरनंतर त्याच्यावरच विसंबून राहिलात तर परीक्षा पास व्हाल, भाषा मात्र अडून बसेल. हे मी माझ्यावरूनच सांगतेय.

'मिन्ना नो निहोंगो' या सुरुवातीच्या पाठ्यपुस्तकाचे पन्नास पाठ संपले तेव्हा माझ्या वर्गाने पाठ्यपुस्तक कायमचं मिटलं. पुढे फक्त तयारीची पुस्तकं. दर पानावर व्याकरणाचे दोन-तीन मुद्दे, प्रत्येकाखाली एका ओळीची दोन वाक्यं, मग चार पर्यायांतून एक निवडा. एनथ्री झाली, एनटू झाली, चाकणला एका कारखान्यात इंटरप्रिटर म्हणून नोकरीही लागली. तिथे तिसऱ्याच महिन्यात जपानच्या पुरवठादाराची एक मेल माझ्याकडे आली. आम्ही सुट्या भागांची तारीख अलीकडे मागितली होती. उत्तरातलं वाक्य होतं, "गोकिबोऽ नो नोऽकि नि वा ओऽजिकानेमास."

गोकिबोऽ म्हणजे तुमची इच्छा, नोऽकि म्हणजे माल द्यायची तारीख, ओऽजिरु म्हणजे मान्य करणे. शेवटी होकाराचं 'मास' आहे, नकाराचं 'मासेन' नाही. मी साहेबांना सांगून टाकलं की तारीख मान्य आहे. पण मधला 'काने' हा 'कानेरु'चा, आणि 'कानेरु' म्हणजे करणं शक्य नाही. रूप होकारी, अर्थ नकारी. अत्यंत नम्रपणे दिलेला नकार होता तो. दोन दिवस आमचं सगळं नियोजन चुकीच्या तारखेवर चाललं. हा मुद्दा मी वहीत लाल शाईने लिहिला होता, परीक्षेत त्यावरचा प्रश्न बरोबरही आला असता. पण 'कानेरु' मला कधी पत्रात भेटला नव्हता. कोण कोणाला लिहितंय, आधी काय मागितलंय, नकार द्यायला जीव कसा कचरतोय, हे काहीच माहीत नसताना मी त्याला फक्त यादीत ओळखत होते.

म्हणून मध्यम पातळीचं पुस्तक निवडताना मी आधी त्यातले उतारे बघते. व्याकरणाची अनुक्रमणिका नंतर. दीड-दोन पानांचा सलग मजकूर आहे का? त्यात कोणी कोणाशी बोलतंय हे कळतं का? व्याकरण त्या मजकुरातून वर येतं, की आधी मुद्दा आणि मग त्याला चिकटवलेलं वाक्य?

एक गोष्ट फार जणांना ठाऊक नसते. 2010 मध्ये जेएलपीटी बदलली, चाराच्या पाच पातळ्या झाल्या. जुन्या तिसरी आणि दुसरीमधली उडी फार मोठी पडत होती, म्हणून मध्ये एनथ्री घातली. त्या बदलानंतर परीक्षा घेणारी संस्था शब्दांच्या, कांजींच्या (जपानीत वापरल्या जाणाऱ्या चिनी अक्षरांच्या), व्याकरणाच्या अधिकृत याद्या प्रसिद्धच करत नाही. त्यामुळे 'एनथ्रीचं संपूर्ण व्याकरण' असं मुखपृष्ठावर असलं तरी तो त्या प्रकाशकाचा अभ्यासपूर्ण अंदाज असतो. आणि या परीक्षेत बोलणंही नाही, लिहिणंही नाही. 180 पैकी 95 आणि प्रत्येक विभागात किमान 19 मिळाले की एनथ्री पास. तेवढ्या गुणांवर जपानी माणसासमोर बसून दहा मिनिटं बोलता येईल याची खात्री कोणी देत नाही.

तयारीची पुस्तकं जाळा असं मी म्हणत नाही. परीक्षेआधीचे तीन महिने 'सोऽमातोमे' किंवा 'शिन कान्झेन मास्टर' जरूर घ्या, दुसरं तर फारच कसून केलेलं आहे. पण ती उजळणी. आधी काहीतरी शिकलेलं असेल तर उजळणी होणार ना?

मग घ्यायचं कुठलं? तीन नावं सतत कानावर येतात. 'मिन्ना'चाच पुढचा भाग म्हणजे 'चुऽक्यू', दोन खंड, प्रत्येकी बारा पाठ. 'कार्टेट', दोन खंड मिळून बारा पाठ, 2019-20 मध्ये आलेलं. आणि 'तोबिरा', 2009 चं, पंधरा पाठांचं, जपानच्या भूगोलापासून सुरू होऊन खेळ, खाणं, धर्म, शिक्षण, इतिहास, राजकारणापर्यंत जाणारं. तिन्ही चांगली आहेत. 'तोबिरा'तले उतारे मला सगळ्यांत आवडतात, पण एनफोर करून लगेच ते उघडणारी मुलं दुसऱ्या-तिसऱ्या पाठात दमतात. ते एनथ्रीच्या आसपास पोचल्यावर घ्यावं. 'कार्टेट' ही दरी नीट भरून काढतं, वाचन-लेखन-बोलणं-ऐकणं चारही धरून, आणि एकट्याने घरी शिकणाऱ्याला ते सोयीचं आहे.

तरीही पुण्यात 'मिन्ना'वर वाढलेल्या मराठी मुलांना मी आधी 'चुऽक्यू'च सांगते. त्याचं कारण आपली मराठी.

'चुऽक्यू'चं मुख्य पुस्तक पूर्ण जपानीत आहे, भाषांतर आणि व्याकरणाच्या टिपा वेगळ्या पुस्तकात. म्हणजे पानावर जपानी आणि तुमच्यामध्ये इंग्रजी उभी राहत नाही. आपल्याला ती मध्ये हवीच कशाला? 'ताबेते मिरु' म्हणजे खाऊन बघणे. मिरु म्हणजे शब्दशः बघणेच. 'काइते ओकु' म्हणजे लिहून ठेवणे, ओकु म्हणजे ठेवणे. 'ताबेते शिमाउ' म्हणजे खाऊन टाकणे. इंग्रजीत प्रत्येकाला वेगळा खटाटोप करावा लागतो, आपल्याकडे साचा तयार आहे. 'किनोऽ कात्ता होन' म्हणजे काल घेतलेलं पुस्तक, शब्दांचा क्रमही तोच. 'निहोंगो गा वाकारु' (जपानी समजतं) यात कर्माचा प्रत्यय 'ओ' न येता कर्त्याचा 'गा' का येतो यावर वर्गात अर्धा तास जातो. 'मला जपानी समजतं' असं म्हणून बघा. समजणारी मी असले तरी क्रियापद जपानीच्या मागे जातं.

मध्यम पातळीवर तर हे आणखी खुलतं. 'वाके दा'वर मी स्वतः महिनाभर अडखळले होते. इंग्रजी टिपांत त्याचे तीन-चार अर्थ क्रमांक घालून दिले होते आणि मला एकही लागू करता येईना. मग एक दिवस उदाहरण वाचलं. खिडकी उघडी आहे, 'दोऽरि दे सामुइ वाके दा'. आणि तोंडातून आपसूक निघालं, "तरीच इतकी थंडी वाजतेय!" त्या 'तरीच'नंतर मला क्रमांकांची गरज उरली नाही. तसंच 'योकु कावा दे ओयोइदा मोनो दा'. आजोबा पायरीवर बसून म्हणतात ना, "आम्ही नदीत किती पोहायचो!" त्या 'पोहायचो'तली हुरहुर म्हणजे तो 'मोनो दा'.

मराठी सगळीकडे पुरत नाही, हेही सांगते. देण्याचे 'आगेरु' आणि 'कुरेरु' असे दोन शब्द जपानीत आहेत, दिशेनुसार. आपलं एकच 'देणे'. 'वा' आणि 'गा'चा सगळा गुंता काही आपल्या प्रत्ययांनी सुटत नाही. आणि कांजीपुढे मराठीचा काही उपयोग नाही. चिनी विद्यार्थी जे पान नुसत्या नजरेने उचलतो, तिथे आपण एकेक अक्षर फोडत बसतो. त्यामुळे दुकानात पुस्तक हातात घेतलंत की पहिला पाठ उघडू नका, तो सगळ्याच पुस्तकांत सोपा असतो. चौथा उघडा. उताऱ्याचं एक पान शब्दकोशाशिवाय वाचा. दहा-बारा शब्द अडले तर चालेल, अर्थाचा धागा हाती राहिला पाहिजे. प्रत्येक ओळीत दोनदा थांबावं लागत असेल तर ते पुस्तक सहा महिन्यांनी घ्या. आणि कुठलंही घेतलंत तरी समासात मराठीत लिहा. वर्गात इंग्रजीत लिहायची सवय लागलीय आपल्याला, ती मोडा.

सांगलीच्या त्या मुलीने 'चुऽक्यू' घेतलं. गेल्या रविवारी आम्ही पहिल्याच पाठातला तातामीवरचा, म्हणजे जपानी घरात जमिनीवर अंथरतात त्या जाड चटईवरचा, उतारा वाचला. वाचता वाचता विषय निघाला की जपानी माणूस खोली किती मोठी ते किती तातामींची यावरून सांगतो. सहा जोऽ, आठ जोऽ, म्हणजे तेवढ्या तातामींची. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "सेन्सेइ, आमची आजी घर असंच सांगते. तीन खणांचं." मग तिने पेन्सिल घेतली आणि 'जोऽ'च्या शेजारी समासात लिहिलं, खण.