जरा बाहेर चाललोय, वेळ लागेल

इंग्रज माणूस पबमधून सिगरेट ओढायला उठतो. बाहेर पाऊस. मफलर गुंडाळत दाराशी जातो आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणतो, "आय ॲम जस्ट गोइंग आउटसाइड अँड मे बी सम टाइम." टेबलावरची मंडळी हसतात. कचऱ्याचा डबा रस्त्यावर ठेवायला निघालेला हेच म्हणतो, कुत्र्याला फिरवायला नेणारा हेच म्हणतो, कंटाळवाण्या मीटिंगमधून सटकणाराही हेच. चार बोटं बर्फ पडलं की मग दिवसभर ऐकत बसा. आपल्याकडून तिकडे नव्यानं गेलेला माणूस बिचारा सगळ्यांबरोबर हसतो आणि मनात म्हणतो, जरा बाहेर जातोय, वेळ लागेल, यात विनोद कुठे आहे?

विनोद असा, की हे वाक्य मरायला निघालेल्या माणसाचं आहे.

कॅप्टन लॉरेन्स ओट्स. रॉबर्ट स्कॉटच्या दक्षिण ध्रुव मोहिमेत शेवटपर्यंत गेलेल्या पाच जणांपैकी एक. 17 जानेवारी 1912 ला हे पाच जण ध्रुवावर पोचले आणि कळलं की ॲमंडसेनची नॉर्वेजियन तुकडी 14 डिसेंबरलाच येऊन गेलीय. मग सुरू झाला परतीचा प्रवास, शेकडो मैल, गाडी स्वतः ओढत. मार्चमध्ये पारा उणे 40 च्या खाली जायला लागला. परतीसाठी वाटेत साठे करून ठेवले होते, त्या डेपोंमधल्या डब्यांतलं रॉकेल कमी भरायला लागलं. ओट्सचे पाय हिमदंशानं निकामी झाले. त्याच्यामुळे बाकीच्यांची चाल मंदावतेय हे त्याला दिसत होतं, त्यांनाही दिसत होतं. त्यानं सांगितलं, मला स्लीपिंग बॅगमध्ये इथंच सोडून पुढे जा. कुणी ऐकलं नाही. त्या रात्री तो पुन्हा जागच येऊ नये अशा आशेनं झोपला. सकाळी जाग आली. बाहेर हिमवादळ चालू होतं. ते एक वाक्य बोलून तो तंबूबाहेर गेला.

17 मार्चला तो 32 वर्षांचा व्हायचा होता. गेला तो दिवस 16 होता की 17, हे स्कॉटलाही नक्की लिहिता आलं नाही, तारखांचा हिशेबच सुटला होता. देह सापडला नाही.

आता, अशा माणसाचे शेवटचे शब्द बाथरूमला जाताना वापरणं हा अपमान आहे, असं म्हणणारे लोक आहेत. मला तसं वाटत नाही. उलट त्या माणसाचं जे उदात्तीकरण 1913 पासून झालं, चित्रं काय, शाळेतले धडे काय, त्यापेक्षा पबमधला विनोद त्याच्या स्वभावाच्या जास्त जवळचा आहे असं माझं मत आहे.

कारण ओट्स हा संतपुरुष नव्हता. घोडदळातला अधिकारी, कमी बोलणारा, खवचट आणि भरपूर कुरकुर करणारा. बोअर युद्धात 1901 साली शरण या म्हणून निरोप आला तर यानं उलट कळवलं की आम्ही लढायला आलोय, शरण यायला नाही. त्या चकमकीत मांडीत गोळी लागली, हाड मोडलं आणि डावा पाय कायमचा थोडा आखूड राहिला. त्याच पायावर तो पुढे ध्रुवापर्यंत चालला. अंटार्क्टिकाला जायची संधी मागितली तेव्हा त्याची रेजिमेंट होती महूला. हो, तेच महू, जिथं 1891 साली बाबासाहेबांचा जन्म झाला. तिथून तो स्कॉटकडे गेला, पदरचे एक हजार पौंड मोहिमेला दिले आणि घोड्यांची जबाबदारी घेतली. घोड्यांची खरेदी मात्र त्याच्या हाती दिली नव्हती. ती दुसऱ्यानंच केली होती, आणि आलेले तट्टू पाहून घोडदळातल्या या माणसाचं डोकं फिरलं. आईला लिहिलेल्या पत्रांत स्कॉटबद्दल त्यानं जे लिहिलंय, ते वाचून स्कॉट त्याला अजिबात आवडत नव्हता याबद्दल शंका राहत नाही.

म्हणजे ज्या माणसाच्या तोंडचं हे वाक्य आहे, तो स्कॉटवर मनातून चिडलेला होता. आणि ते वाक्य आपल्यापर्यंत पोचलंय फक्त स्कॉटच्या डायरीतून. पाचांपैकीच एक, तंबूतल्या विल्सननं ओट्सच्या आईला पत्र लिहिलं, तिच्या मुलाच्या धैर्याची मनापासून स्तुती केली, पण हे शब्द त्यात नाहीत. त्यामुळे स्कॉटनंच ते रचले असणार, असा संशय काही जण घेतात.

मला हा संशय पटत नाही, आणि त्याचं कारण अगदी साधं आहे. स्कॉट असलं लिहीत नसे. त्याच पानावर स्कॉटचं स्वतःचं वाक्य आहे: हे एका शूर माणसाचं आणि इंग्लिश जेंटलमनचं कृत्य होतं. स्कॉटची लेखणी ही अशी चालते, फेटा बांधून. त्याला शेवटचे शब्द रचायचेच असते तर त्यानं ओट्सच्या तोंडी राजा, देश, रेजिमेंट असं काहीतरी घातलं असतं. "जरा बाहेर चाललोय" हे कुणी रचेल असं वाक्यच नाही. ते कोरडं आहे, तबेल्यात घोडे बघायला निघालेल्या माणसाचं आहे. ओट्स ते बोलला असणार.

आणि तरीही माझी या विनोदाबद्दल एक तक्रार आहेच. अपमानाची नाही, वेगळी. हा विनोद प्रश्न गिळतो. इतकं सभ्य, इतकं नीटनेटकं वाक्य, की ते ऐकल्यावर तो माणूस तिथं त्या अवस्थेत का पोचला हे विचारायचं राहूनच जातं.

1911 च्या सुरुवातीला परतीसाठीचा मोठा साठा, ज्याला ते वन टन डेपो म्हणत, 80 अंश दक्षिणेला ठेवायचं ठरलं होतं. वाटेत घोडे थकले. ओट्सचं म्हणणं होतं की पुढे चला, जो घोडा पडेल तो मारून त्याचं मांस वापरू, पण डेपो ठरल्या जागीच लावू. स्कॉटला घोड्यांचे हाल बघवेनात. त्यानं डेपो 79 अंश 29 मिनिटांवरच लावला, म्हणजे पन्नास किलोमीटरहून जास्त अलीकडे. आता नकाशा काढून बघा. वर्षभरानं ओट्स तंबूतून बाहेर पडला ती जागा 79 अंश 50 मिनिटांच्या आसपास येते. डेपो ठरल्या जागी असता तर त्या वाक्याची वेळ येण्याआधीच ते पाच नाही तरी चौघं तिथं पोचले असते. वाचले असते का? कुणास ठाऊक. थंडी अफाट होती, ओट्सचे पाय तर गेलेच होते. पण स्कॉट, विल्सन आणि त्यांचा उरलेला सोबती बॉवर्स त्याच डेपोपासून सुमारे 20 किलोमीटरवर तंबूत संपले, मार्चच्या अखेरीला. म्हणजे ओट्सचं बाहेर जाणं ज्यांच्यासाठी होतं, त्यांना त्यातून दोन आठवडेही मिळाले नाहीत.

ऑक्टोबरच्या अखेरीला शोधपथक निघालं तेव्हा सामानासाठी बरोबर खेचरं होती, हिंदुस्थानातून मागवलेली. ती सूचनाही ओट्सचीच. त्याला जनावरं कळत होती. विचारलं कुणी नाही, किंवा विचारून ऐकलं नाही.

पाच नाही तरी चौघं, असं वर लिहिलं ते मुद्दाम. पाचवा माणूस एडगर इव्हान्स. वेल्सचा, नौदलातला पेटी ऑफिसर, म्हणजे शिपायांतून वर आलेला, अंगानं सगळ्यांत दांडगा. तो 17 फेब्रुवारीलाच गेला, ओट्सच्या महिनाभर आधी. हाताची जखम चिघळलेली, हिमदंश, वाटेत पडणं, शेवटी भान हरपणं. त्याचाही देह सापडला नाही. पण मरताना तो काही सुबक बोलला नाही, आणि बोलला असता तरी ते इतक्या कौतुकानं उतरवून घेतलं गेलं असतं का, याची मला शंका आहे. मोहीम संपल्यावर, हा कच्चा निघाला म्हणून सगळेच अडकले, अशी कुजबुज त्याच्याबद्दल झाली. अधिकाऱ्याच्या मंदावलेल्या चालीचं शौर्य झालं, शिपायाच्या मंदावलेल्या चालीचा ठपका झाला. तेव्हा पुढच्या वेळी कुणी गंभीर चेहरा करून पबच्या दाराशी उभा राहिला, तर हसा जरूर, मीही हसतो. फक्त तो परत आल्यावर त्याला विचारा, त्या पाचांतला पहिला गेलेला कोण. दहातले नऊ जण फोन काढतील.