टवका

बेस गिटार वाजवणाऱ्याकडे कार्यक्रमात कोणाचं लक्ष नसतं. चार जाड तारा, चारेक किलोचं धूड आणि "हे नक्की वाजतंय का?" हा ठरलेला प्रश्न. त्याच बेसचा टवका उडाला, की अख्ख्या सोसायटीला दिसतो.

पट्टा अडकवायच्या बटणाचा स्क्रू बरेच दिवस भोकात नुसताच फिरत होता. मी काणाडोळा केला. परवा चहाला उकळी येईपर्यंत सराव करावा म्हणून स्वयंपाकघरात उभा राहिलो आणि बेस थेट कडप्प्याच्या ओट्यावर. रुपयाएवढा लाल टवका गेला, खालचं पांढरं लाकूड उघडं पडलं, वर त्याला पोचाही. ओट्याला काही झालं नाही.

आई म्हणाली, "कल्हईवाल्याला विचार." शेजारचे काका म्हणाले, "सनमायका चिकटव." सुतार म्हणाला, "लांबी भरतो, वरून ऑइलपेंट मारू." मी बेस उचलून घरी आणला.

स्क्रूचं काम सोपं निघालं. फेविकॉलमध्ये बुडवलेल्या तीन टूथपिक भोकात खुपसल्या, सुकल्यावर छाटल्या, स्क्रू घट्ट. या यशाने डोकं फिरलं.

पोच्यावर ओलं फडकं ठेवून इस्त्री टेकवली. वाफेनं दबलेले तंतू फुगतात. वरचा थर शाबूत असला तर वाफ आत शिरत नाही, पण माझा आधीच उडाला होता. चर्र झालं आणि पोचा खरंच वर आला!

मग रंग. बायकोकडे नेलपॉलिशच्या अकरा बाटल्या. माझ्या मते अकराही लाल. तिने एका नजरेत जुळणारी काढून दिली, तळाशी उरलेली. ती लावून, सुकवून, वर सुपरग्लूचे थेंब सोडत गेलो. चौथ्या थेंबाला तर्जनी चिकटली. बेस आणि मी इतके एकरूप यापूर्वी कधीच झालो नव्हतो.

बायकोने नेलपॉलिश रिमूव्हर ओतला. त्यातल्या अ‍ॅसिटोनने बोट सुटलं आणि रंगही गेला. हा द्रव नेलपॉलिश काढायलाच बनवलाय, हे दोघांनाही उशिरा सुचलं. कारखान्यातला पॉलियुरेथेनचा थर मात्र ढिम्म. जुन्या पद्धतीचं नायट्रोसेल्युलोज लॅकर असतं तर तेही विरघळलं असतं.

पुन्हा पहिल्यापासून. बाटलीतलं उरलंसुरलं नेलपॉलिश, पुन्हा ग्लू. दोन्ही टोकांना टेप लावलेल्या ब्लेडने उंचवटा खरवडला. मग ८००, १२००, २००० नंबरचा वॉटर पेपर आणि शेवटी गाडीचं रबिंग कंपाउंड. चार संध्याकाळी गेल्या. परदेशात नव्याकोऱ्या गिटारला मुद्दाम टवके पाडून ती 'रेलिक' म्हणून जास्त किमतीला विकतात, हे मी त्यानंतर बायकोला सांगितलं. वेळ चुकली.

रविवारी मावसबहिणीच्या लग्नाला निघालो, तर बायकोच्या नऊच नखांना रंग.

"दहावं?"

"कोणी विचारलंच तर बेस दाखव."