कुकरच्या शिट्ट्या नका मोजू, मिनिटं मोजा

‘तूरडाळीला किती शिट्ट्या?’ या प्रश्नाला एका घरात तीन असं उत्तर मिळतं, शेजारच्या घरात सहा, आणि वरण दोन्हीकडे छान होतं. कारण शिट्टी हे शिजण्याचं माप नाहीच. आत जमलेला जास्तीचा दाब बाहेर सोडणारी ती झडप आहे.

तिचं गणित साधं आहे. झाकणावरच्या नळीचं भोक 3 मिलिमीटरचं धरलं, तर त्याचं क्षेत्रफळ भरतं जेमतेम 0.07 चौरस सेंटिमीटर. त्यावर 70 ग्रॅमचं वजन ठेवलं की आतला दाब चौरस सेंटिमीटरला 1 किलो होईपर्यंत ते उचललं जात नाही. हा दाब बाहेरच्या हवेच्या दाबावर जास्तीचा, म्हणून आत पाणी 100 ऐवजी साधारण 120 अंश सेल्सिअसला उकळतं. डाळ लवकर शिजते ती या वीस अंशांमुळे.

पहिली शिट्टी झाली म्हणजे हे तापमान गाठलं. त्यानंतर आच कितीही मोठी ठेवा, तापमान वाढत नाही. फक्त वाफ निघून जाते, पाणी आटतं आणि गॅस जळतो. मोठ्या आचेवर भराभर शिट्ट्या होतात, बारीक आचेवर एकेक शिट्टी कितीतरी वेळाने येते. त्यात कुकर 3 लिटरचा की 5 चा, किती भरलाय, रबर कुठून वाफ सोडतंय का, हे सगळं आलंच. म्हणजे ‘चार शिट्ट्या काढा’ याचा अर्थ दोन मिनिटंही होऊ शकतो आणि बारा मिनिटंही. पाककृती लिहिणाऱ्यांनी शिट्ट्या लिहिणं थांबवावं, असं मला अगदी मनापासून वाटतं.

त्याऐवजी असं करा. वरून शिट्टी ठेवायचा कुकर असेल तर आधी नळीतून वाफेचा जोरदार झोत येऊ द्या, मग शिट्टी ठेवा. आत हवा अडकली तर दाब तेवढाच दिसतो, पण तापमान कमी राहतं. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करा आणि घड्याळ लावा. अर्धा तास भिजवलेल्या तूरडाळीला 8 ते 10 मिनिटं, अख्ख्या मध्यम बटाट्यांनाही तेवढीच. रात्रभर भिजवलेल्या काबुली चण्यांना किंवा राजम्याला 15 ते 20. महाबळेश्वरसारख्या उंच ठिकाणी उघड्या भांड्यात पाणी 95-96 अंशांनाच उकळतं आणि कुकरमधलं तापमानही दोनेक अंशांनी उतरतं, तिथे थोडा वेळ वाढवा.

एवढं करूनही डाळ टचटचीत राहिली तर कुकरला दोष देण्याआधी पाणी बघा. बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीच्या दाण्यांतल्या पेक्टिनला, म्हणजे पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणाऱ्या पदार्थाला, धरून ठेवतं, दाणा सुटत नाही. चिंच, आमसूल, टोमॅटोमधलं आम्लही तेच करतं, म्हणून ते डाळ बोटचेपी झाल्यावरच घाला. जुनी, बरीच साठवलेली डाळही हट्टी होते. चिमूटभर खाण्याचा सोडा घातला तर दाणा लवकर मऊ पडतो, पण चव आणि काही जीवनसत्त्वं जातात. माझं मत, सोड्यापेक्षा जास्त वेळ भिजवणं बरं.

डाळ थेट कुकरमध्ये लावत असाल तर कुकर अर्ध्याच्या वर भरू नका. डाळीचा फेस नळीत चढून ती बुजते. चमचाभर तेल घातलं की फेस कमी होतो. नळी बुजली किंवा पाणी पूर्ण आटलं तर झाकणावरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधला धातू वितळून वाफेला वाट देतो. तिथे भलत्याच कंपनीचा व्हॉल्व्ह बसवणं हा जिवाशी खेळ आहे. वजनाने दाबून धरलेली सुरक्षा-झडप ही कल्पना तशी जुनी, दनी पापँ या फ्रेंच माणसाची. त्याने 1679 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आपलं वाफेचं भांडं मांडलं, ते हाडंसुद्धा मऊ करायचं.

शेवटची घाई मात्र अजिबात नको. शिट्टी चमच्याने उचलून वाफ सोडली की दाब एकदम पडतो आणि 120 अंशांवरचं पाणी जागच्या जागी खवळतं. लिटरभर पाण्यातलं 35 ते 40 मिलिलिटर पाणी झपाट्याने वाफ होतं, तिचं आकारमान साठ लिटरच्या आसपास, आणि ती डाळ घेऊनच वर येते. गॅस बंद करून दाब आपोआप उतरू द्या. त्या दहा मिनिटांतही आत डाळ शिजतच असते, ती हिशोबात धरूनच वर दिलेले आकडे आहेत.