पोरांच्या मनातला काळ एका आकड्यात मावत नाही

'भविष्याबद्दल तुला कसं वाटतं?' एवढंच विचारायचं, दहापैकी गुण लावायचे आणि वर्गाचा आशावाद मोजला म्हणायचं, हे मला अजिबात पटत नाही.

माणूस भूत, वर्तमान, भविष्याकडे कसा बघतो हे मोजणारी, झिंबार्डो आणि बॉइड या मानसशास्त्रज्ञांची १९९९ सालची ५६ विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध आहे, पण किशोरांवर ती नीट बसत नाही. मेलो आणि वॉरेल या संशोधकांनी या वयासाठी वेगळी चाचणी तयार केली. तिच्या काळाबद्दलची वृत्ती मोजणाऱ्या भागात ३० विधानं आहेत. भूत, वर्तमान, भविष्य, आणि प्रत्येकाची चांगली व वाईट बाजू, असे सहा गट. एका गटात पाच विधानं, उत्तर १ ते ५. प्रत्येक गटाची सरासरी वेगळी काढायची. तिसांची बेरीज केलीत की सगळं मुसळ केरात! चांगलं आणि वाईट ही एकाच काठीची दोन टोकं नाहीत. आजोळच्या आठवणींनी सुखावणाऱ्या मुलाला घरातली भांडणंही आठवतात. त्याचे दोन्ही आकडे ४ च्या वर जाऊ शकतात. वाईट बाजूचे आकडे उलटे करून बेरीज केली, की तो 'मध्यम' ठरतो, म्हणजे दिसेनासाच होतो.

या चाचणीचं मराठी करताना खरी कसोटी. 'भूतकाळ' म्हटलं की नववीतलं पोर व्याकरणाच्या तासाला जाऊन बसतं. 'माझं आजवरचं आयुष्य', 'सध्याचे दिवस', 'माझं पुढचं आयुष्य' असं लिहा. (हिंदीतल्या 'कल'ची भानगड आपल्याकडे नाही, तेवढं सुख.) 'मला पुढची आशा वाटत नाही' असं विधान आणि त्यावर 'असहमत', म्हणजे दोन नकारांचा गुंता, मुलं हमखास उलटी खूण करतात. त्याऐवजी 'पुढचा विचार आला की धास्ती वाटते' असं लिहा. पर्यायही 'मुळीच पटत नाही' ते 'अगदी पटतं' असे ठेवा. मग मूळ चाचणी न पाहिलेल्या माणसाकडून ते परत इंग्रजीत करून घ्या आणि ताडून बघा.

विधानं गटागटाने लावू नका, मिसळा. सगळीकडे ४ वर गोल केलेला कागद बाजूला काढा. चांगल्या आणि वाईट विधानांना सारखाच होकार म्हणजे बहुधा न वाचता केलेल्या खुणा. वर्गशिक्षक बाकांमधून फिरत असतील तर खरी उत्तरं विसराच. आणि दहावीच्या परीक्षेच्या तोंडावर मोजलंत, तर वर्तमानाच्या आकड्यांत परीक्षेचं वेळापत्रकच उतरेल.

पालकांची संमती आधी घ्या. आजवरच्या आयुष्याबद्दलची विधानं वाचताना एखादं मूल रडू लागतं, म्हणून समुपदेशक त्या दिवशी शाळेतच हवा. फोनवर मदत लागली तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फळ्यावर लिहून ठेवा.