लायकी शून्य, परवानगी मंजूर

पॅच, म्हणजे मी पाठवलेला कोडमधला बदल, परत आला. शेरा एका शब्दाचा: "उलटं." चार शिव्या चालल्या असत्या. हा एकच शब्द तर्री-पोह्यांपेक्षा जास्त झोंबला.

लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, मी कॅपेबल() काढून सिक्युरिटी_कॅपेबल() लावलं. दोन्ही फंक्शन विचारतात एकच: याला परवानगी आहे का? त्याला द्यायची चारही आर्ग्युमेंट, म्हणजे माहितीच्या किमती, नीट भरली, अट मात्र तशीच ठेवली. आता पहिलं फंक्शन होकाराला 'ट्रू' देतं आणि दुसरं होकारालाच शून्य देतं. परिणाम: हक्काचा माणूस बाहेर, भुरटा आत.

नागपुरात बर्डीच्या टपरीवर बसून हे निस्तरत होतो, तर शेजारच्या स्टुलावरचे एक रिटायर्ड काका प्लेटसकट स्क्रीनवर वाकले.

"का करून राहिला बाबू?"

"कर्नलचा कोड आहे काका. कोणाला काय करू द्यायचं, ते इथं ठरतं."

"कॅपेबल म्हणजे लायक ना?"

"हो."

"अन् इथं तं लिहून आहे, कॅपेबल बरोबर शून्य. मंग?"

"मग परवानगी."

काकांनी चमचा खाली ठेवला. "लायकी शून्य, अन् परवानगी मंजूर?"

"हो."

"अन् उणे एक असली तं?"

"तर नकार."

"बाप्पा! आमच्या हापिसात तं उणेवाल्यालेही प्रमोशन होतं!"

हसलो, पण काकांचं चुकलं कुठं? कॅपेबिलिटी.सी या फाइलमध्ये खरंच 'कॅपेबल' नावाचं व्हेरिएबल आहे आणि ते शून्य असलं की फंक्शन 'ट्रू' परत करतं. कर्नलच्याच कोडिंग स्टाइलमध्ये नियम आहे: नाव आज्ञार्थी असेल तर यशाला शून्य, प्रश्नार्थी असेल तर यशाला एक. 'लायक' ही आज्ञा कधीपासून झाली?

कारण आहे, नाही असं नाही. होकार एकाच प्रकारचा, नकार मात्र नाना तऱ्हांचे, प्रत्येकाचा आकडा वेगळा: ईपर्म म्हणजे उणे १, ईॲक्सेस म्हणजे उणे १३. (या दुसऱ्याच्या EACCES या स्पेलिंगमधला शेवटचा एस कोणी खाल्ला, देव जाणे.) शिवाय एसईलिनक्स, ॲपआर्मर वगैरे सुरक्षा तपासणाऱ्या मंडळींना ओळीनं विचारायचं आणि पहिला नकार आला की थांबायचं, त्याला शून्य सोयीचं. सगळं मान्य. मग नावात 'चेक' घालायला काय पैसे पडत होते?

नावांचा घोळ इथंच थांबत नाही. यूजरच्या प्रोग्राममधून कर्नलमध्ये डेटा आणणारं कॉपी_फ्रॉम_यूजर() तर किती बाइट *आल्या नाहीत* ते सांगतं. त्याच नावाआधी दोन अंडरस्कोर लावले की मेमरीतल्या पत्त्याची तपासणीच होत नाही. ती आधी कोणीतरी केली असेल, असं धरून चालायचं. आमच्या सोसायटीचा वॉचमनही मोठ्या गाडीला रजिस्टर दाखवत नाही.

दुरुस्ती एका उद्गारचिन्हाची होती. खोडलं, पॅच पुन्हा पाठवला.

"आलं का उत्तर?" काकांनी हात धुता धुता विचारलं.

"नाही."

"म्हणजे शून्य. मंग मंजूरच समज!"

जाताना टचपॅडवर तर्रीचा थेंब ठेवून गेले. बोट अजून चिकटतंय.